समजून घ्या : जहाजाचे नाव बदलते, मग त्याची ओळख कशी पटते?

मोर्शी : अप्पर वर्धा धरणापासून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरच्या आसपास दूर. इथे जहाज दिसते ते मोबाइलवरच. जहाजांचा थेट नकाशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये रंगीत बाण सरकत असतात. एका बाणावर बोट ठेवले की जहाजाचे नाव, देश, वेग समोर येतो. ही माहिती येते कुठून आणि तिच्यावर किती विसंबायचे?

नावावर भागत नाही का?

नाही. एकाच नावाची अनेक जहाजे असू शकतात. मालक बदलला की नाव बदलते, नोंदणीचा देश बदलला की झेंडा बदलतो. म्हणून जहाजाला आणखी तीन ओळखी असतात.

आयएमओ क्रमांक : सात आकडी. मोठ्या जहाजांना १९९६ पासून बंधनकारक. गाडीच्या चेसिस नंबरसारखा तो जहाज भंगारात जाईपर्यंत कायम राहतो.

एमएमएसआय : रेडिओ यंत्रणेचा नऊ आकडी क्रमांक. जहाजाच्या क्रमांकातील पहिले तीन आकडे देश सांगतात, भारताचे ४१९. झेंडा बदलला की हा क्रमांकही बदलतो.

कॉल साइन : रेडिओवर पुकारायचे अक्षरी नाव. 'व्हीटीए' ते 'व्हीडब्ल्यूझेड' ही मालिका भारताची.

खोटा नंबर पकडता येतो?

आयएमओ क्रमांकात एक सोपी पडताळणी दडलेली आहे. उदा. ९०७४७२९. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. बेरीज १३९ येते. तिचा शेवटचा आकडा ९, आणि क्रमांकाचा शेवटचा आकडाही ९. जुळले नाही तर क्रमांक चुकीचा. मात्र दुसऱ्या जहाजाचा खरा क्रमांक चोरला, तर हे गणित काही पकडू शकत नाही.

नकाशावरचा बाण कसा सरकतो?

जहाजावरचे एआयएस यंत्र रेडिओवरून दर काही सेकंदांनी संदेश सोडते. ठिकाण आणि वेग जीपीएसवरून येतो. नाव व क्रमांक मात्र माणसाने भरलेले असतात. यंत्र बंद केले की बाण गायब. चुकीचे भरले की चुकीचेच दिसते.

मग चूक कुठे होते?

मुंबईने हे दोनदा पाहिले. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी दहशतवाद्यांनी ती भर समुद्रात ताब्यात घेतली आणि तिच्यातूनच ते मुंबईकडे आले. बोट खरी, नोंद खरी. आतली माणसे दुसरीच. त्यानंतर २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली.

तरीही ३१ जुलै २०११ रोजी 'पवित' हे पनामाचा झेंडा असलेले जहाज जुहूच्या किनाऱ्याला लागले. महिनाभर आधी ओमानजवळ खलाशांनी ते सोडले होते. नाव होते, झेंडा होता. रेडिओवर उत्तर द्यायला माणूस नव्हता. सुरक्षा यंत्रणांच्या नजरेतून ते सुटले.

थोडक्यात, क्रमांक, रेडिओ आणि आतली माणसे हे तिन्ही जुळले तरच ओळख पक्की.

आपल्या नदीतल्या होडीचे काय?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या महिनाभर आधीच संसदेत अंतर्देशीय जलयान कायदा मंजूर झाला होता. त्यात नदी-धरणातल्या यांत्रिक बोटींची नोंदणी सक्तीची आहे. यंत्र नसलेल्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद आहे.

नोंद असली तर होडी कोणाची आणि किती माणसांची, हे सांगता येते. समुद्रातल्या जहाजाला तीन-तीन ओळखी आहेत. नदीत होडीत पाय ठेवण्याआधी निदान एक तरी विचारून घ्यावी.