म्हणे प्रयोगशाळेतली चैन!

सुपरकंडक्टर म्हणजे प्रयोगशाळेतली चैन, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, आपला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ब्रेकर तेवढ्यात ठिणगी विझवतो. डीसीला शून्यच नाही! शॉर्टसर्किट झालं की काही मिलिसेकंदांत कन्व्हर्टरचे डायोड धोक्यात. सुपरकंडक्टर मात्र प्रवाह मर्यादेबाहेर गेला की स्वतःच रोध उभा करतो; ना सेन्सर, ना हुकूम. ब्रेकरला मग आवाक्यातला प्रवाह तोडायचा उरतो.

थंडाव्याचा खर्च? १९८७ साली सापडलेल्या सिरॅमिकला ७७ केल्व्हिनचा द्रव नायट्रोजन पुरतो, हेलियम नको. चीनने २०२० मध्ये नान-आओच्या १६० किलोव्होल्ट डीसी लाइनवर हे बसवलंसुद्धा. पुगलूर–त्रिशूर ही डायोडवाल्या कन्व्हर्टरची लाइन आपण २०२१ मध्ये चालू केली. महाग काय, नायट्रोजन की जळालेला कन्व्हर्टर? मांडा की हिशेब!