कानावर गोंदलेलं वय
फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी आणली, २०२० संपेपर्यंत तिथले ट्रॅक थांबले आणि हजारो ग्रेहाउंडना घरं शोधावी लागली. तरुण कुत्र्याला कुणीही नेतं. मी म्हणेन, आठ-नऊ वर्षांचा पोक्त गडी आणा. वय लपवायची सोयच नाही, उजव्या कानात जन्माचा महिना आणि वर्षाचा शेवटचा आकडा गोंदलेला असतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, म्हणून जाड गादी हवीच. जिना अनेकांनी आयुष्यात पाहिलेला नसतो; एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत शिकवावं लागतं. दात आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मोकळ्या मैदानात पट्टा सोडू नका. ससा दिसला की दिवसभर लोळणारा हा म्हातारा तुमचं काही ऐकायचा नाही.