जाहिरात आता प्रश्न विचारते

मागच्या महिन्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय पंचावन्न, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित, साखर बऱ्यापैकी आटोक्यात. या वेळी मात्र उपाशीपोटीची साखर ३१२ निघाली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम. खोदून विचारले तेव्हा कळले, दोन महिने गोळ्या बंद होत्या.

मोबाईलवर एक जाहिरात आली होती. तिने यांना वय विचारले, वजन विचारले, रात्री लघवीला किती वेळा उठता, पायाला मुंग्या येतात का, असे सात-आठ प्रश्न विचारले. यांनी खरी खरी उत्तरे दिली. शेवटी फोन नंबर मागितला, तोही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "काका, पायाच्या मुंग्या कशा आहेत?" काका विरघळले. तीन महिन्यांच्या चूर्णाचे डबे घरपोच आले आणि "आता इंग्रजी गोळ्यांची गरज नाही" हा सल्ला फुकट.

मी रागावलो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, मुंग्यांचं तुम्ही कधी विचारलंच नाही." खरे आहे. ओपीडीत पन्नास माणसे बसलेली असताना मी साखरेचा आकडा पाहतो आणि चिठ्ठी लिहितो. पाय बघायचे राहून जातात.

अशा जाहिराती पूर्वीही होत्या. भिंतीवर रंगवलेल्या, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापलेल्या, 'दर बुधवारी अमुक लॉजवर भेटा' म्हणणाऱ्या. साऱ्या गावाला मजकूर एकच आणि वाचणारा मुका. लॉजचा जिना चढताना ओळखीचे कोणी पाहील या लाजेने कित्येक जण वाचले! आता जाहिरात अंथरुणात, पांघरुणाखाली येते. तुम्ही कशावर बोट दाबले, कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, यावरून पुढची जाहिरात ठरते. एकदा गुडघेदुखीबद्दल काही शोधा, मग आठवडाभर तेलाच्या बाटल्याच समोर येतात.

आपल्याकडे १९५४ चा आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा असे अनेक आजार बरे करतो अशी जाहिरात त्याने निषिद्ध आहे, मग औषध कोणत्याही पॅथीचे असो. जाहिरात म्हणजे काय, हेही त्यात सांगितले आहे. पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, शिवाय प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणा! धुरापर्यंत विचार केलेला आहे. पण भिंतीवरची जाहिरात निरीक्षकालाही दिसत असे. मोबाईलवरची ती एकट्या काकांनीच पाहिली. मी "दाखवा" म्हटले तर ती सापडेना. फोनवरच्या गोड बोलण्याचा तर कागदच नाही. तक्रार कशाच्या आधारे करायची?

हेच साधन चांगल्या कामालाही लागते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने २०१६ मध्ये मिस्ड कॉलची सोय केली, आणि सप्टेंबर २०१८ पासून सिगारेट-तंबाखूच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापणे सक्तीचे झाले. म्हणजे पुडी खाणाऱ्याच्या हातात असतानाच समोरून 'बोला' म्हणणारे कोणीतरी आहे. माझ्या एका रिक्षावाल्या पेशंटने तो फिरवला. त्याची गुटख्याची सवय तीन प्रयत्नांत सुटली. माझ्या दहा वर्षांच्या ओरडण्याने सुटली नव्हती.

मधुमेह्यांनी एवढे करावे. असा डबा मागवलाच असेल, तर तो लपवू नका, पुढच्या खेपेला दवाखान्यात घेऊन या. आम्ही ओरडलो तरी आणा. गोळ्या परस्पर बंद करू नका. रोज रात्री पायाचे तळवे उजेडात पाहा, वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. आणि डॉक्टरने पाय पाहिले नाहीत, तर आपणच चप्पल काढून पाय पुढे करा.

काकांना इन्सुलिन सुरू करावे लागले. जखम भरत आली आहे, अंगठा वाचेल असे वाटते. चूर्णवाल्यांचा फोन अजून येतो. मुलाने एक नंबर बंद केला की दुसऱ्या नंबरावरून येतो.