झटका मशीन दिलं, पुढे काय?

रात्रीची जागल काय असते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. रोही आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा साफ करतो. कुंपण हवंच, त्यावर वादच नाही.

पण झटका मशीन आणि थेट लाईन यातला फरक समजून घ्या. मशीन साधारण सेकंदाला एकदा, डोळ्याची पापणी लवण्याआधी संपणारा झटका देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. 230 व्होल्टची लाईन तारेत सोडली की करंट अखंड वाहतो. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो.

मग घरात मशीन असून लोक आकडा का टाकतात? कारण मशीन बंद पडलेलं असतं. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. इन्सुलेटर फुटतो, बॅटरीचं पाणी आटतं, उन्हाळ्यात अर्थिंगची जागा कोरडी पडते. मग आपण म्हणतो, "मशीनच बोगस!"

सरकारचं अनुदान मिळतं ते खरेदीला. अहो, त्याच पैशात कुंपणाचा टेस्टर द्या, गावातल्या एका पोराला दुरुस्ती शिकवा!

आपणही तारेखालचं गवत कापत राहू, आठवड्याला टेस्टर लावून बघू. आणि कोणाच्या धुऱ्यावर थेट लाईन दिसली तर तारेला हात लावू नका, पण गप्पही बसू नका. आधी त्याला समजवा. नाहीच ऐकलं तर वीज कार्यालयात कळवा. भावकी दुखावली तरी चालेल.