ती ‘नाही’ म्हणाली, त्यानंतर



‘लागिरं झालं जी’ ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात ‘झी मराठी’वर चालली आणि साताऱ्याकडची बोली घरोघरी पोचली. फौजी व्हायचं स्वप्न पाहणारा अज्या आणि त्याची शीतली सातारा-सांगलीकडच्या बायकांना आपल्या गावातलीच वाटली. शीतली ऐकून घेत नाही, उलट बोलते, म्हणून ती आवडली. सोशिक, रडक्या सुनेचा बायकांना कंटाळा आला आहे, हे मालिका लिहिणाऱ्यांनी ओळखावं.

पण आपल्या प्रेमकथांची एक जुनी खोड जात नाही. तो मागे लागतो, ती चिडते, तो चिकाटी सोडत नाही आणि शेवटी ती हसते. पाहता पाहता आपणही म्हणतो, ‘हो म्हण की गं आता!’

१९९८ साली सांगलीत एकतर्फी प्रेमातून एका तरुणीचा दिवसाढवळ्या खून झाला. मालिका पाहून खून होतात, असं आमचं म्हणणं नाही. पण मुलीचं ‘नाही’ खरं नसतंच, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे. बाईची इच्छा नसताना वारंवार पाठलाग करणं हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. पडद्यावर मात्र तो अजून नायकाचा गुण ठरतो.

नकार ऐकून बाजूला होणारा नायक, त्याचं दुःख, तिचं पुढचं आयुष्य, ही गोष्ट रंगणार नाही? आम्हाला वाटतं, रंगेल. घरातल्या मुलग्यांना शेजारी बसवून मालिका पाहा. ते काय म्हणतात, तुम्ही काय म्हणालात, जरूर लिहून कळवा.