मोठा कूलर घेण्याआधी कॅबिनेटला फूटपट्टी लावा



कूलर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टाकीत पाणी भरायचा कूलर येतो. आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच कूलरबद्दल. कॉलेजात शिकणारी काही मुलेमुली आता तयार संगणक न घेता सुटे भाग आणून घरीच जोडतात. त्यातला प्रोसेसरवरचा मोठा कूलर असा भाग आहे की, माप न पाहता आणला तर तो बसतच नाही. आणि खोके फोडलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही. तेव्हा मुलांनी यादी पुढे ठेवली की आईवडिलांनीही दोन-चार प्रश्न विचारावेत. त्याला इंग्रजी यावे लागत नाही.

पहिला प्रश्न, एवढा मोठा कूलर लागतोच का? प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो. ६५ वॉटच्या साध्या प्रोसेसरबरोबर पुष्कळदा खोक्यातच लहान कूलर येतो. अभ्यास, हिशेब, पत्रव्यवहार एवढ्यासाठी तो पुरे. चित्रफितींचे संपादन तासन् तास करायचे असेल तर गोष्ट निराळी. इंटेलचा आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. तापमान १०० अंशांच्या घरात गेले की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे महागाची बैलजोडी घेऊन अर्ध्या चालीने हाकल्यासारखे.

मोठ्या कूलरचे काम ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या नात्यातलेच आहे. त्यात तांब्याच्या बंद नळ्या असतात व आत थोडासा द्रव असतो. खालच्या टोकाला उष्णता लागली की त्याची वाफ होते, ती वर पातळ पत्र्यांमध्ये जाऊन थंड होते आणि द्रव नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत खाली येतो. भाताच्या झाकणाला पाणी धरते, तसेच हे. पंखा त्या पत्र्यांतून वारा काढतो.

आता मापे. उदाहरणादाखल ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा, २०१४ साली आलेला एनएच-डी १५ घ्या. उंची १६५ मिलिमीटर, दोन पंख्यांसह वजन १ किलो ३२० ग्रॅम. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात किती उंचीचा कूलर मावतो ते दिलेले असते. तिथे १६० लिहिले असेल, तर झाकण लागणार नाही. शिवाय पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो व त्याखाली ३२ मिलिमीटर जागा उरते. साध्या पट्ट्या मावतात. रंगीत दिव्यांच्या उंच पट्ट्या मावत नाहीत. मग पंखा वर सरकवावा लागतो, आणि तो सरकवला की कूलरची उंची वाढून पुन्हा कॅबिनेटचा प्रश्न! माझे मत विचाराल तर साध्या पट्ट्या घ्याव्यात, दिव्यांनी वेग वाढत नाही.

बसवताना घाई नको. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच बाहेर टेबलावर ठेवून कूलर बसवणे सोपे जाते. मात्र कोपऱ्यातली प्रोसेसरची वीजजोडणी त्याच्या आड येते. तिथे नंतर हात शिरेल का, ते आधी पाहावे. कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची झिल्ली चिकटवलेली असेल तर ती काढावी. ती तशीच राहिली तर उष्णता वर चढत नाही. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, इंजिनाचे हेड बसवताना मिस्त्री बोल्ट जसे बेताबेताने आवळतो तसे. पंख्यांचा वारा मागच्या जाळीकडे जाईल असे तोंड ठेवावे आणि पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावावी.

संगणक वसतिगृहावर न्यायचा असेल तर विशेष सांगणे आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये हे सव्वा किलोहून जास्त ओझे मदरबोर्डला आडवे लटकते. एसटीच्या धक्क्यांनी बोर्डाला इजा होऊ शकते. कूलर उतरवून वेगळा न्यावा. ते जमत नसेल तर मदरबोर्ड खाली आणि कूलर वर येईल असे कॅबिनेट आडवे ठेवून, मांडीवर घेऊन जावे. परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावावी.

हा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. थंडीत खोली २२ अंश असताना ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर, विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४२ झाली की तेच काम करताना ९० च्या आसपास जाईल. म्हणून जड काम पहाटे उरकावे. पाण्याच्या कूलरचा ओला झोत मात्र संगणकावर सोडू नये.

मळणीच्या दिवसांत भुसा घरभर होतो आणि पत्र्यांत जाऊन बसतो. तेव्हा महिन्यातून एकदा वीज बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने तो झाडावा. हवेचा पंप मारायचा झाल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरले तर बेअरिंग जाते.