फळा सरकारी, फोटोला मनाई!

शिरड शहापूरला पेरणीच्या तोंडावर एका खताच्या दुकानात उभा होतो. डोक्यावर कॅमेरा, भिंतीवर पाटी : आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात. भाव-साठ्याचा फळा मात्र गोण्यांच्या थप्पीमागे, निम्मा पुसलेला. त्याचा फोटो घ्यायला मोबाइल काढला, तर मालक गल्ल्यावरून उठलाच. "ओ भाऊ, मोबाइल खिशात ठेवा. इथं फोटो चालत नाही."

का चालत नाही? तुमचा कॅमेरा दिवसभर माझं थोबाड टिपतो, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का?

तो फळा म्हणजे मालकाच्या घरची देवघराची भिंत नव्हे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार किरकोळ विक्रेत्याने भाव आणि साठा गिऱ्हाइकाला ठळक दिसेल असा लावायचा असतो, पावतीही द्यायची असते. जे दाखवायची सक्ती आहे, ते टिपलं की चोरी कशी होते? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीची ५० किलोची १३५० ला. त्या भावात डीएपी मागून बघा! सोबत नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारतात. ह्याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात. गावाकडच्या भाषेत लूट. फोटोची भीती त्याचीच आहे.

दुकान खासगी आहे, मान्य. मालक 'बाहेर व्हा' म्हणाला तर व्हावं लागेल. पण हातातला मोबाइल हिसकावून फोटो पुसायला लावायचा हक्क त्याला कोणी दिला? वर्ध्याच्या एका प्रकरणात २०२२ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की पोलीस ठाणं हे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही. तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. ठाण्यात गुपित नाही आणि युरियाच्या थप्पीत आहे!

कुणाच्या उधारीच्या वहीवर किंवा बाईमाणसावर मोबाइल रोखणाऱ्याची वकिली मी करत नाही. त्याला चार शब्द माझ्याकडूनही.

बाकीच्यांनी फळ्याचा फोटो काढा, गोणीवरच्या छापील किमतीचा काढा, पक्की पावती मागा. दुकानात काढू दिला नाही, तर घेतलेली गोणी रस्त्यावर ठेवून काढा. आणि सगळं घेऊन औंढ्याला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.